सोमवारची फटफटी

गाडी बंद पडायची ती बरोबर लिंबापाशीच. अलीकडं नाही, पलीकडं नाही. यात गाडीचा काही डाव होता की लिंबाचा, ते देव जाणे. पण संक्रांतीपासून एकही सोमवार चुकला नव्हता.

मुरुम गावापासून माळावरच्या महादेवाचं देऊळ सोळा किलोमीटर, आणि तो कडुलिंब बरोबर मधोमध. महालिंगप्पा पुढं, त्याची बायको महादेवी मागं एका अंगानं, तिच्या मांडीवर पूजेची पिशवी. पूल ओलांडला की इंजिन एक आचका द्यायचं. मग दुसरा. मग घरघर करत गप्पच व्हायचं आणि लाल फटफटी आपल्या आपण लिंबाच्या सावलीत जाऊन उभी राहायची.

"पडली का? पडली का पुन्हा!" महालिंगप्पा ओरडायचा. मग किका सुरू. दहा-अकरा किका झाल्या की धोतराचा सोगा सोडून घाम पुसायचा, आणि मेकॅनिक गौरीशंकरचा उद्धार सुरू व्हायचा. आधी गौरीशंकर, मग त्याचा बाप, मग ज्यानं त्याला पाना हातात धरायला शिकवला तो. शेवटी पेट्रोल आहे की संपलं हे बघायला तो टाकीचं झाकण काढायचा. झाकण निघताना 'फुस्स' असा आवाज यायचा. झाकण महादेवीच्या हातात, महालिंगप्पाचा एक डोळा टाकीत. गाडी हलवून बघायचा, आत पेट्रोल डुचमळायचं. पेट्रोल असायचंच.

"पेट्रोल हाय, प्लग नवा हाय, मग हिला दुखतंय कुठं?" असं म्हणून तो लिंबाखाली बसकण मारायचा. महादेवी पिशवीतून गूळ-शेंगदाणे काढायची. आणि मग गंमत व्हायची. आपल्या किराणा दुकानात दिवसभर 'किती किलो' आणि 'सुट्टे द्या' यापलीकडं तोंड न उघडणारा हा माणूस शेंगदाणे खात खात बोलायला लागायचा. कुठल्या कुठल्या गोष्टी! चौतीस वर्षांमागं ही गाडी सोलापूरहून आणली तेव्हा वाटेत पावसात कसा भिजला, सासऱ्यांना मागं बसवलं तर ते कसे डोळे मिटून शिवाचा धावा करत होते. महादेवी तोंडाला पदर लावून ऐकायची. दहा मिनिटांनी तो उठायचा, झाकण लावायचा, किक मारायचा, आणि गाडी एका किकेत चालू!

"दमती बिचारी. वय झालं हिचं," असं म्हणत तो निघायचा. येतानाही तीच तऱ्हा. तोच लिंब, तोच आचका, तोच गौरीशंकर.

खरं सांगायचं तर महादेवीला त्या दहा मिनिटांची चटक लागली होती. पण असं कुणाला सांगता येतं होय? नवऱ्याची गाडी बंद पडावी म्हणून वाट बघणारी बायको कुणी बघितलीय?

आता त्या गौरीशंकरचीही बाजू ऐका. भला माणूस. बसस्टँडमागं पत्र्याच्या शेडात त्याचं गॅरेज. जुन्या गाडीचं काम म्हटलं की त्याला जेवण सुचत नसे. तीन महिन्यांत त्यानं महालिंगप्पाच्या गाडीचा कार्बोरेटर सात वेळा उघडला. जेटच्या बारीक भोकात तार घातली, हवा मारली. आतला फ्लोट बदलला, त्याची सुई बदलली. प्लग नवा टाकला. टाकीखालचा कॉक काढून जाळी धुतली. पेट्रोलची नळी बदलली. पेट्रोलच भेसळीचं असेल म्हणून टाकी रिकामी करून दुसरीकडनं भरून आणलं. गॅरेजमध्ये गाडी अशी चालायची की ऐकत बसावं. चार किलोमीटर पळवून आणायचा, काही नाही! आणि सोमवारी लिंबापाशी पुन्हा आचका.

"अप्पा, माझ्याकडं आली की ही पोरगी शहाण्यासारखी वागती. तुमच्याकडंच का रुसती?" गौरीशंकर म्हणायचा.

"तू मला शिकवू नको! चौतीस वर्षं म्या हिला चालवतोय!"

अशी दोघांची जुंपायची. बाजारपेठेला फुकटचा तमाशा.

महालिंगप्पाला सगळ्यात लागलं ते मात्र वेगळंच. एका सोमवारी तो आणि महादेवी लिंबाखाली बसलेले असताना गावातलीच चार पोरं चकचकीत गाड्यांवरून गेली आणि जाता जाता त्यांनी हॉर्न वाजवून हात केला. महालिंगप्पाचं तोंड उतरलं. त्या दिवशी तो गोष्टी सांगायला विसरला. घरी आल्यावर त्यानं पुण्याला नंदीशला, म्हणजे पोराला, फोन लावला. पोरानं गाडीचा फोटो नेटवर टाकला, आणि दोन दिवसांत सोलापूरच्या कृष्णराज नावाच्या माणसाचा फोन आला. त्याला जुन्या गाड्या जमवायचा नाद. महालिंगप्पानं काही लपवलं नाही. आठ किलोमीटरवर बंद पडते, हेही सांगून टाकलं.

"पडू द्या हो काका. कार्बोरेटरच बदलून टाकीन. रविवारी टेम्पो घेऊन येतो."

महालिंगप्पानं शब्द दिला. रात्री जेवताना पानावरून नजर न उचलता तो म्हणाला, "गाडी दिली म्या. रविवारी नेतोय त्यो."

महादेवीच्या हातातली भाकरी तव्यावरच राहिली आणि करपली. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं नवऱ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. मागायची सवयच नव्हती, तर तोंड उघडणार कुठून? आता सोमवारी देवाला जायचं ते एसटीनं. ती एका सीटवर, तो पुढं दाराशी उभा. गूळ-शेंगदाणे कुठं खायचे, कंडक्टरपुढं?

शनिवारी दुकानात ती अशीच हरवल्यासारखी बसली होती. महालिंगप्पा भुसाराच्या सौद्याला गेला होता. शेजारच्या गल्लीतल्या कमलबाई बरणी घेऊन आल्या.

"करडीचं तेल दे गं दोन किलो."

महादेवीनं नवा डबा ओढला, खिळा ठेवला, बत्त्याचा एक ठोका मारला आणि डबा मापावर कलता केला. तेलाची धार आली, गचके खाल्ले, 'डबक् डबक्' झालं आणि धार तुटली. डबा तसाच कलता, आत चौदा किलो तेल, आणि बाहेर थेंब नाही.

"अगं, एकच भोक पाडलंस की," कमलबाई म्हणाल्या. "लक्ष कुठं हाय तुझं? वारं आत जाया नको?"

हे महादेवीला कमलबाईंनी सांगावं! तीस वर्षं झाली तिला डबे फोडून. एका भोकातनं तेल येतं, समोरच्या कोपऱ्यातल्या दुसऱ्या भोकातनं वारं आत जातं. वारं आत गेलं नाही तर तेल बाहेर येत नाही. हे तिच्या हाताला पाठ होतं. तिनं दुसरा ठोका मारला. डब्यानं 'फुस्स' करून श्वास घेतला आणि धार सरळ लागली.

फुस्स!

महादेवीचा बत्ता हातातच राहिला. हा आवाज ती दर सोमवारी दोनदा ऐकत होती. लिंबाखाली, झाकण काढताना.

"यव्वा!" ती म्हणाली.

"काय झालं गं?" कमलबाई दचकल्या.

"काय न्हाय. तुमची बरणी धरा, भरली."

कमलबाईंना वाटेला लावून ती मागच्या अंगणात धावली. फटफटी पेरूच्या झाडाखाली उभी. तिनं टाकीचं झाकण काढलं, उलटं केलं. आतल्या बाजूला बारीक भोक होतं. म्हणजे वारं आत जायला वाट ठेवलेली होती; गाडी करणारा काही वेडा नव्हता. तिनं तोंड लावून फुंकलं. गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, पण फुंकर पार होईना. मग झाकण सुलटं करून ती बघत राहिली.

वर तीन पांढरे पट्टे, आणि मधोमध लाल ठिपका. विभूती आणि कुंकू. तिच्याच बोटांचं काम.

दर सोमवारी निघायच्या आधी गाडीला विभूती लावायची, ही घरची रीत. पाण्यात कालवून तीन बोटं ओढायची, वर तेलात भिजवलेल्या कुंकवाचा ठिपका. आणि लावलेली विभूती पुसायची नाही. पुढच्या सोमवारी त्यावरच नवी. पूर्वी ती पुढच्या दिव्याच्या काचेवर लावायची. संक्रांतीला परतताना सांज झाली, दिवा लावला तर उजेड अंधुक, तेव्हा महालिंगप्पा खेकसला होता, "दिव्यावर राख फासतीस, रस्ता काय माझ्या डोळ्यांनी उजळू? दुसरीकडं लाव कुठंतरी!" म्हणून तिनं टाकीचं झाकण निवडलं. गोल, चकचकीत, आणि बरोबर मध्ये बारीकशी खळगी. तिला वाटायचं, ठिपक्यासाठीच केलीय. तिथं ती बोट चांगलं दाबून ठिपका द्यायची.

बारा सोमवारांचे बारा थर वाळून गिलाव्यासारखे घट्ट बसले होते. आणि सात वेळा कार्बोरेटर खोलणाऱ्या गौरीशंकरनं या झाकणाला काय केलं असेल? काही नाही. देवाचं आहे, पुसायला नको, म्हणून बिचाऱ्यानं दर वेळी कडेला धरून अलगद काढलं आणि बाजूला ठेवलं. झाकण काढून ठेवलं की गाडीला वारंच वारं. गॅरेजमध्ये ती चालायची यात नवल ते काय!

महादेवीला आधी हसू आलं, मग घाम फुटला. सगळ्या मुरुमात बोभाटा होणार! नवरा तीन महिने ज्या माणसाच्या बापाला शिव्या घालतोय, त्याचा काही दोष नाही. दोष घरातल्या पूजेच्या ताटातला. गपचूप पिन घालून भोक मोकळं करावं, कुणाला कळणार? तिनं बांगडीतली पिन काढलीसुद्धा. आणि हात थांबला. गाडी ठणठणीत झाली तर कृष्णराज आणखी खुशीत नेईल. नाही केली तरी नेणारच, तो बोलला आहे तसं. झाकण लावून ती दुकानात येऊन बसली. दिवसभर वजनं चुकत राहिली, कुणाला तूरडाळ जास्त गेली, कुणाला कमी.

रविवारी सकाळी नऊला टेम्पो दारात आला. कृष्णराज तिशीतला, हसऱ्या तोंडाचा, गाडी बघून त्याचे डोळे लकाकले. "काका, रंग मूळचाच? अरे वा, आरसासुद्धा जुनाच!" असं म्हणत तो गाडीभोवती फिरत राहिला. गौरीशंकरही आला होता. शिव्या खाल्ल्या तरी जीव होता त्याचा गाडीवर. कोपऱ्यात उभा राहून डोळे पुसत होता. महालिंगप्पानं चावी काढली, कृष्णराजच्या हातावर ठेवली आणि घसा खाकरला.

"महादेवी, ताट आण. शेवटची विभूती लाव. घरातली वस्तू मोकळ्या कपाळानं जाऊ द्यायची न्हाय."

महादेवीनं ताट आणलं. तीन बोटं विभूतीत बुडवली. हात झाकणावर गेला आणि तिथंच राहिला. पांढरे थेंब टपटप झाकणावर पडत होते. महालिंगप्पा म्हणाला, "लाव की."

"म्या न्हाय लावत."

"का गं?"

"ह्या विभूतीनंच गाडी बंद पडतीय."

गौरीशंकरचं तोंड उघडंच राहिलं. महादेवीनं ताट खाली ठेवलं, झाकणाला हात लावून तो कपाळाला लावला, "शिवा, माफ कर," म्हणाली आणि झाकण काढलं. बांगडीतली पिन ओढून तिनं मधल्या खळगीत घातली, कुरकुर करून फिरवली. लाल-पांढरे खवले गळाले. मग झाकण उलटं करून गौरीशंकरला म्हणाली, "खाली हात धर." आणि फुंकलं.

"अक्का!" गौरीशंकर किंचाळला. "वारं! वारं आलं हाताला!"

"तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येतंय का? तसंच हाय हे. टाकीत वारं जात न्हाय, म्हणून कार्बोरेटरला पेट्रोल येत न्हाय. उभी राहिली की कडंकडंनं थोडं वारं झिरपतंय, ते आठ किलोमीटर पुरतंय. तुम्ही लिंबापाशी झाकण काढता तवा वारं आत जातंय, म्हणून पुन्हा चालू व्हतीया. दमती-बिमती काय न्हाय ती."

गौरीशंकरनं कपाळावर हात मारला. "सात वेळा कार्बोरेटर धुतला म्या! सात वेळा! अन् देवाचं म्हणून तेवढ्या झाकणाला हात लावला न्हाय!"

महालिंगप्पा झाकणाकडं बघत होता. मग त्याच्या डोक्यात काहीतरी हललं. "दिव्यावर लावू नको म्हणून… म्याच म्हणालो व्हतो की गं!" तो म्हणाला आणि हसायला लागला. असा हसला की पेरूच्या झाडाला धरावं लागलं. गौरीशंकर हसला, टेम्पोवाला हसला, महादेवीनं पदर तोंडाला लावला. "गौऱ्या, लेका, तुझ्या बापाला दिलेल्या शिव्या परत घेतो रे सगळ्या!"

"राहू द्या अप्पा, ते आता न्हायत. पोचल्या नसतील."

पुन्हा हशा. त्या गडबडीत कृष्णराजनं किक मारली; एका किकेत गाडी खणखणली. "म्हणजे गाडी एकदम ठीक! काकू, तुम्ही तर कमाल केली. चला, घाला रे टेम्पोत."

महादेवीचं हसू थांबलं. ती दोन पावलं पुढं आली आणि हँडलवर हात ठेवून उभी राहिली. बोटांची ओली विभूती हँडलला लागली.

"गाडी द्यायची न्हाय."

"अगं, शब्द दिलाय म्या."

"तुम्ही दिलाय. म्या कुठं दिलाय?" तिनं हँडल आणखी घट्ट धरलं. "सहा दिवस आपण गल्ल्याच्या दोन बाजूला बसतो. सोमवारी तेवढी म्या तुमच्या मागं बसते. तुम्ही बोलता, म्या ऐकते. ते मला पाहिजे. दुसरं काय मागितलं का कधी?"

महालिंगप्पा तिच्याजवळ आला. मग हळू आवाजात म्हणाला, "मग म्या कुणापायी इकत व्हतो? तुझं गुडघं दुखतेत. उन्हातान्हात तुला रस्त्याच्या कडेला बसवायचं, येणारेजाणारे हसायचे. गाडीशी झटताना आरशात दिसायचीस की मला. तोंडाला पदर लावून उभी असायचीस. वाटायचं, रडतीया."

"हसत व्हते," महादेवी म्हणाली. "तुम्ही गौरीशंकरच्या बापापर्यंत पोचला की मला हसू आवरायचं न्हाय."

कृष्णराजनं इंजिन बंद केलं, चावी काढली आणि महालिंगप्पाच्या हातात न देता महादेवीच्या हातात दिली. "घ्या काकू. शब्द मी परत केला. ही माझ्याकडं आली तर सोलापुरात लिंब कुठनं शोधू?"

त्याला तसाच जाऊ देतात होय? उप्पीट झालं, दोनदा चहा झाला, आणि निघताना करडीच्या तेलाचा अख्खा डबा टेम्पोत चढला. टेम्पो हलला तरी महादेवी मागनं ओरडत होती, "दोन भोकं पाडा बरं का! समोरासमोर!"

दुसऱ्या दिवशी सोमवार. महादेवीनं पुढच्या मडगार्डवर तीन बोटं ओढली, ठिपका दिला, आणि कुठं काही भोक नाही ना हे महालिंगप्पानं खाली वाकून दोनदा बघितलं. आठ वाजता दोघं निघाले.

गाडी अशी चालली होती की काय सांगावं! ना आचका, ना गचका. करडीची रानं भराभरा मागं पडत होती, वारं पदरात भरत होतं. महालिंगप्पा ताठ बसला होता. महादेवीला आनंद झाला होता, झाला नव्हता असं नाही. पण पूल आला तसं तिनं पिशवी घट्ट धरली. आता गाडी बंद पडणार नाही. लिंब येईल आणि जाईल. आपल्याच हातांनी आपली दहा मिनिटं घालवली, असं तिला वाटलं.

लिंब आला. आणि इंजिन गप्प झालं. आचका नाही, घरघर नाही, एकदम गप्प. फटफटी सावलीत जाऊन उभी राहिली.

"पडली बघ बंद," महालिंगप्पा मागं न बघता म्हणाला.

महादेवीनं त्याच्या खांद्यावरून वाकून बघितलं. तो चावी बंडीच्या खिशात टाकत होता.

"अय्यय्यो," ती म्हणाली. "आता? गौरीशंकरला बोलवायचं का?"

"बोलावून तर बघ!"

दोघं लिंबाखाली बसली. महालिंगप्पानं मांडी घातली, घसा साफ केला आणि सासऱ्यांची ती गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. महादेवीनं पिशवी उघडून गूळ-शेंगदाण्याची पुरचुंडी काढली. गाडी बंद पडणार नाही हे ठाऊक असूनही आज घरनं निघतानाच तिनं दुप्पट बांधून घेतले होते.